करंडीचं झाकण

वेमेआन,
रविवार, ३ मार्च २०१९

झेफे,

तू माझा नंबर बंद केलास, म्हणून आता हा कागद. आपला अबिलियो बुधवारी तुमच्या आयर्लंडला परत निघालाय. अमाने दिलेल्या कॉफीच्या पुड्यांखाली त्याच्या बॅगेत हे पाकीट असेल. घेताना कुरकुरत होता, "माना ओलांदिना, तुम्हा भावाबहिणींच्या भांडणात मला टपालवाला करू नका." मी म्हटलं, गप घेऊन जा, लहानपणी तुझं नाक मी पुसलंय. तूही मला मानाच म्हणायचास, मोठी बहीण म्हणून. आता माझं नाव निघालं की "कोण ओलांदिना?" असं विचारतोस म्हणे.

अमाचा गुडघा होता तसाच आहे. डुकरीण व्याली, सहा पिल्लं झाली. त्यातल्या एकाला अमाने तुझं नाव दिलंय, कारण ते सारखं रुसून कोपऱ्यात जाऊन बसतं. मी अजून जिल्ह्याच्या गावी तेल-वायूच्या ऑफिसात आहे, शनिवार-रविवार घरी येते.

आता मुद्द्याचं. पंधरा जूनला, शनिवारी, अपांचं वर्ष पुरं होतं. त्या दिवशी आपण सगळे काळं उतरवणार. कसं असतं ते तुला ठाऊक आहे. मुलांनी थडग्यापाशी एका रांगेत उभं राहायचं आणि आबुक आत्याने एकेकाच्या दंडावरची काळी पट्टी सोडायची. रांगेत तुझी जागा आहे. अमा विचारते, तिकीट काढलं का त्याने. मी म्हणते, बघतोय.

अपांना पुरलं तेव्हा तू आला नाहीस. निरोप पाठवलास, "ज्याने पूर्वजांचं पवित्र लुलिक घर देऊन टाकलं तो माझा बाप नाही, त्याला माझ्याशिवाय पुरा." हा निरोप मी अमाला दिलेला नाही. कारखान्याने सुट्टी दिली नाही असं सांगितलं. ती अजून त्या कारखान्याला शिव्या घालते.

ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

तुझी माना

*

वेमेआन,
३१ मार्च

झेफे,

अबिलियोच्या बायकोच्या फोनवर तुझं उत्तर आलं. एकच ओळ. "तिला सांग, कागद पाठवू नकोस, तिच्या कागदांनी काय होतं ते मी पाहिलंय."

बरं. मग कागदांबद्दलच बोलू. हे पत्र राजधानीतून, दिलीच्या पोस्टातून पाठवतेय, म्हणजे तुला परत द्यायला समोर कुणी असणार नाही.

सोल्वेग बाईंना तू एकदाच पाहिलंस आणि "उंटासारखी बाई" म्हणालास. त्या परदेशी मदत-प्रकल्पाकडून आल्या होत्या. आपल्या समुद्रात तेल आहे, वायू आहे. ते काढायला येणाऱ्या कंपनीशी करार कसा करायचा, आलेला पैसा कुठे गेला हे लोकांना कसं दाखवायचं, कुणाची जमीन घेण्याआधी त्याला कसं विचारायचं, याचे नियम लिहायला त्या आपल्या सरकारला मदत करत होत्या. दोन वर्षं मी त्यांची दुभाषी होते. विहिरीवर कपडे धुणाऱ्या बायकांना मी कराराचं कलम समजावून सांगितलंय, आणि त्यांनी असले प्रश्न विचारलेत की राजधानीतल्या साहेबांना घाम फुटला. पोर्तुगीजांनी आपल्याला कधी विचारलं नाही. इंडोनेशियाच्या फौजेने विचारलं नाही. पहिल्यांदा कुणीतरी समोर बसून विचारत होतं, तुम्हाला हे चालेल का. मला त्याचा अभिमान वाटायचा. अजून वाटतो.

विचारायचा एक फॉर्म होता. प्रत्येक नावापुढे तीन रकाने. मान्य, अमान्य, बोलले नाहीत. तिसऱ्या रकान्यात खूण झाली की तीन महिन्यांनी पुन्हा त्या गावात जायचं, सरकारी माणसं बरोबर न घेता, आणि पुन्हा विचारायचं. हा नियम सोल्वेग बाईंनी मोठ्या साहेबांशी भांडून घातला होता. गप्प बसला म्हणून हो म्हणाला असं धरायचं नाही, असं त्या म्हणत. तेव्हा प्रकल्पाने घर घेतलं असं म्हणू नकोस.

मी दुभाषी होते, झेफे. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं, तेवढंच माझं काम. अपांच्या नावापुढे "मान्य" असं लिहिलं गेलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची सही दुभाषी करायचा, म्हणून ती सही माझी आहे. पुढे लुलिक घराचा खांब कापायला माणसं आली तेव्हा तू अपांना स्वयंपाकघराच्या दारात अडवून विचारलंस, "तुम्ही हो म्हणालात?" त्यांनी तेव्हा नाही म्हटलं का? काय म्हणाले ते तू स्वतः ऐकलंस. "माझी लेक माझं तोंड होती. ती बोलली तेच मी बोललो." झालं. तू युरोपात कामाला जायला काढलेले पोर्तुगीज पासपोर्टाचे कागद उचललेस आणि दिलीची बस धरलीस. नंतर सव्वा वर्षाने ते गेले.

ज्याच्यासाठी घर हललं तो रस्ता तयार आहे. चार पदरी, मधे दिवे. दिवसातून पाचसहा गाड्या जातात, बाकी वेळ त्यावर म्हशी झोपतात, कारण डांबर ऊबदार असतं. वायू अजून समुद्रातच आहे. पाइप येणार येणार म्हणतात.

जूनचं लक्षात ठेव.

माना

*

वेमेआन,
२८ एप्रिल

झेफे,

मागच्या पत्रात एक खोटं आहे. "लिहिलं गेलं" असं मी लिहिलंय. मी लिहिलं.

ईस्टरला पाद्रीबाबांपाशी कबुली द्यायला गेले होते. रांगेत उभी राहिले, माझी पाळी आली आणि मी चर्चच्या बाहेर पडले. जे तुला सांगायचंय ते त्यांना सांगून मोकळी झाले असते तर तुला कधीच सांगितलं नसतं. मी स्वतःला ओळखते.

पाहुणा आला की अपा पानाची करंडी पुढे करत. बोलणं पटलं की पाहुण्याबरोबर स्वतः एक पान खात. पटलं नाही तर तोंडाने नाही म्हणत नसत, कारण लुलिक घराच्या राखणदाराने दारी आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. ते करंडीवर झाकण ठेवत आणि करंडी पाठीमागे सारत. मग लग्नाची मागणी असो नाहीतर म्हशीचा सौदा, त्यापुढे कुणी एक शब्द काढत नसे. आपण त्याचा खेळ खेळायचो, आठवतं? तू माझ्याकडे ताडाचा गूळ मागायचास आणि मी करवंटीवर करवंटी ठेवून पाठीमागे सरकवायचे. तू भोकाड पसरायचास. अपा हसून हसून ठसकायचे.

त्या दिवशी चिंचेखाली चाळीस माणसं बसली होती. तू दिलीत होतास. सोल्वेग बाईंनी अर्धा तास सगळं नीट सांगितलं. रस्ता कुठून जाणार, त्यात घर आणि मधला खांब कसा येतो, ते दुसरीकडे कुठे हलवणार, नको असेल तर काय करता येतं. मीही नीट सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मग त्यांनी अपांना विचारलं.

अपांनी झाकण ठेवलं. करंडी पाठीमागे सारली आणि समुद्राकडे बघत बसले.

सगळ्यांना कळलं. एकट्या सोल्वेग बाईंना कळलं नाही. पण त्यांची नजर बारीक होती. त्या माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "ओलांदिना, त्यांनी करंडी मागे ठेवली. त्याला काही अर्थ आहे का?"

मी म्हटलं, "नाही. त्यांचं पान खाऊन झालं. ठीक आहे म्हणतात."

त्यांनी मला सरळ विचारलं होतं, झेफे. मला फक्त खरं सांगायचं होतं. तिसऱ्या रकान्यात खूण केली असती तरी तीन महिने मिळाले असते.

का केलं याची मी अडीच वर्षं कारणं गोळा केली आहेत. प्रकल्प दोन महिन्यांत संपणार होता, तीन महिन्यांनी परत यायला कुणी उरणारच नव्हतं. रस्त्याबरोबर दवाखाना येणार होता. मला ऑफिसात कायमची नोकरी मिळणार होती. कारणं खरी आहेत, पण त्या क्षणी यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. त्या क्षणी मला लाज वाटली. सकाळी बाईंनी गावासमोर माझी ओळख "ही माझी सहकारी" अशी करून दिली होती. माझ्या पायात बूट होते, गळ्यात ओळखपत्र. समोर माझा बाप, अनवाणी, तोंड पानाने लाल, आणि टोपलीने बोलणारा. "माझे वडील टोपलीने बोलतात" हे वाक्य मला इंग्रजीत उच्चारवेना.

अपांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण नकार समजावून सांगायला किती वेळ लागतो ते त्यांना माहीत होतं. संध्याकाळी म्हशी बांधताना म्हणाले, "लेकी, तू फार थोडकं बोललीस."

मी म्हटलं, "इंग्रजीत थोडक्यातच बोलतात."

"बरं," म्हणाले आणि दावं ओढून घट्ट केलं.

पुढचं तुला माहीत नाही. चाळीस माणसांनी झाकण पडताना पाहिलं होतं. मग खांब कापायला माणसं आली, तेव्हा गावाला वाटलं म्हाताऱ्याने मागाहून गुपचूप काहीतरी घेतलं. त्यानंतर आपल्या अंगणात पान खायला कुणी आलं नाही. अपा रोज सकाळी करंडी भरून ओट्यावर बसायचे. दुपारी पानं सुकली की उठायचे. मी शनिवारी येऊन हे बघायचे आणि रविवारी परत जायचे. अपा खरं एकदा बोलले असते तर माझी नोकरी गेली असती आणि राखणदाराची लेक खोटारडी ठरली असती. त्यांनी स्वतःला तसं ठरू दिलं.

आणि तू दारात त्यांना विचारलंस तेव्हा मी चुलीपाशी होते. तांदूळ निवडत होते. "माझी लेक माझं तोंड होती," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोष द्यायला नाही पाहिलं. आता तू बोलतेस का, एवढंच पाहिलं. तू माझ्याकडे पाठ करून उभा होतास. मी तांदूळ निवडत राहिले.

अपा नाही म्हणाले होते, झेफे. सगळ्यांसमोर, त्यांना जसं म्हणता येत होतं तसं. तू ज्या बापावर रागावून गेलास तसा बाप तुला नव्हता. असा बाप आहे असं मी तुला वाटू दिलं, आणि तो मातीत गेला तरी वाटू दिलं.

ओलांदिना

*

१९ मे

झेफे,

काही उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. केली होती.

अमाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मक्याचं ताट माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "कारखान्याने सुट्टी दिली नाही, हेही तुझंच ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं माझी पोर दोन भाषा बोलते." आणि चुलीकडे वळली.

ऑफिसातही गेले. एवारिस्तो साहेबांपुढे जुना फॉर्म ठेवला आणि म्हटलं, हा चुकीचा आहे, चूक माझी आहे, दुरुस्त करायचा आहे. ते वाईट माणूस नाहीत. बराच वेळ डोकं खाजवत बसले.

"घर हललं, रस्ता झाला. आता अमान्य लिहून काय, रस्ता गुंडाळून ठेवायचा?"

"रस्ता असू दे. माझ्या वडिलांचा रकाना बदला."

"मूळ कागदात खाडाखोड करता येत नाही. हा नियम तुमच्याच सोल्वेग बाईंनी केलाय. पुरवणी जोडता येईल."

मी म्हटलं, जोडा. एक पान जोडलं आहे. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे की वेमेआनच्या लुलिक घराच्या राखणदाराने करंडीवर झाकण ठेवून नकार दिला होता आणि दुभाषीने तो सांगितला नाही. ते कोण वाचणार, माहीत नाही. मला गावोगावच्या कामावरून काढून कागद लावायच्या खोलीत बसवलंय. योग्यच आहे.

सोल्वेग बाईंनाही मी कळवलं. त्या आता दुसऱ्याच कुठल्या देशात तांब्याच्या खाणींसाठी हेच काम करतात. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. लिहितात, "मला विचारावंसं वाटलं, म्हणजे मला शंका होती. तिथे चाळीस माणसं होती. मी आणखी एकालाही विचारलं नाही, कारण तुझं उत्तर मला सोयीचं होतं." मी ते वाचून ऑफिसात सगळ्यांदेखत रडले.

अजून एक राहिलंय. करंडी माझ्याकडे आहे. जायच्या आठ दिवस आधी अपा म्हणाले होते, "ही झेफेला दे." मी पाठवली नाही. पाठवली असती तर तू विचारलं असतंस, मला का. ती माझ्या कपाटात चादरीत गुंडाळून, अगदी मागे लपवली होती. काल बाहेर काढली. पानांचा वास अजून आहे.

तू यावंस म्हणून मी तुला खरं सांगितलं असं समजू नकोस. थोडं तसंही आहे. पंधरा तारीख, शनिवार.

माना

*

वेमेआन,
२२ जून

झेफे,

तू आला नाहीस. अमा गुरुवारपासून रस्त्याकडे तोंड करून बसली होती. चार पदरी रस्त्यावर माणूस लांबून दिसतो, तेवढा एक उपयोग झाला त्याचा.

काळं उतरवायच्या आधी मी अपांची करंडी चटईवर ठेवली आणि सगळ्यांसमोर बोलले. आपल्याच भाषेत बोलले, तरी शब्द सापडत नव्हते. त्या चाळीसांतले एकतीस आले होते, बाकीचे गेले किंवा तुझ्यासारखे बाहेर आहेत. बोलून झाल्यावर मला वाटलं आता उठून जातील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आबुक आत्या पुढे आली. तुला माहीत आहे तिची जीभ. म्हणाली, "तू खोटं बोललीस ते बोललीस. पण झाकण आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं होतं गं. पाहूनसुद्धा माझ्या भावाने लाच खाल्ली असं मी म्हणाले. दोन पावसाळे मी त्याच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. सगळं एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस, एवढं मोठं डोकं नाही तुझं."

मग तिने करंडीतलं पान घेतलं, चुना लावला, सुपारी ठेवली आणि थडग्यापाशी बसून चावत राहिली. रडत होती आणि चावत होती. तिच्यामागून एकेक जण आला. सगळ्यांनी घेतलं. अपांच्या ओट्यावर जे तेव्हा यायला हवे होते ते सगळे आले, वर्षभर उशिरा.

नंतर रांग लावली. तुझ्या जागी कुणाला उभं राहू दिलं नाही. आत्या माझी पट्टी सोडून पुढे सरकली, तुझ्या मोकळ्या जागेपाशी थांबली, सवयीने हात वर केला आणि तसाच खाली घेतला. सोडायला तिथे काही नव्हतं.

मी मनात तुला खूप बोलले. कठोर आहेस म्हटलं, माझ्या चुकीची शिक्षा अपांच्या थडग्याला देतोस म्हटलं. हे तुला कळलेलं बरं.

काल अबिलियोची बायको घरी आली. तिने फोन माझ्यापुढे धरला. तुझा फोटो होता, अबिलियोने चोरून काढलेला. तू बसथांब्यावर उभा आहेस. जूनमध्येही तुम्ही एवढी जाड जाकिटं घालता? वाळला आहेस. दाढी वाढवलीयस ती तुला शोभत नाही. आणि उजव्या दंडावर, जाकिटाच्या बाहीवर, काळी पट्टी आहे. दोन टाचण्यांनी लावलेली, वाकडी.

खाली अबिलियोने लिहिलं होतं, "गेल्या महिन्यापासून बांधतो. कारखान्यात विचारलं तर सांगतो, बाप गेला. कधी गेला असं विचारलं तर म्हणतो, मेमध्ये."

माझं एप्रिलचं पत्र तुला मेमध्ये मिळालं असणार.

मी तो फोटो किती वेळ बघत बसले माहीत नाही. तुझ्या बापाला मी एकदा नाही, दोनदा मारलं, आणि दुसऱ्यांदा, ते पत्र पोचलं तेव्हा, तू एकटा होतास, परक्या गावात, टाचण्या तोंडात धरून. आम्ही शंभर माणसांनी मिळून जे केलं ते तुला एकट्याला करावं लागलं. मला क्षमा कर असं मी लिहीत नाही. ते तुझ्याकडे मागण्याची माझी पात्रता नाही, पण मागावंसं फार वाटतं.

तुझं वर्ष आत्ता सुरू झालंय. म्हणून आज सकाळी मी माझी पट्टी पुन्हा बांधली. अमा म्हणाली, "आठवडाच झालाय उतरवून. लोक विचारतील, आता कोण गेलं?" मी म्हटलं, विचारू देत, सांगेन. ती आत गेली आणि तिचीही घेऊन आली. तिला एका हाताने गाठ मारता येत नाही, मी मारून दिली.

पुढच्या मेपर्यंत तुझी उतरत नाही, तोवर आमचीही उतरणार नाही. यायचं की नाही ते तू ठरव. करंडी ओट्यावर अपांच्या जागी ठेवली आहे, झाकण काढून. पानं दुपारपर्यंत सुकतात, अमा रोज बदलते.

माना